लढाईविषयी बोलण्याचा अधिकार कोणाचा?

येलदरी येथे पूर्णा नदीस जे धरण घातले आहे, त्याच्या बाजूच्या सडकेवर पहाटे तांबडे फुटण्यापूर्वी तरुण मुले धावताना दिसतात. ही मुले हौसेने धावत नाहीत. फौजेच्या भरतीत सोळाशे मीटर अंतर ठरलेल्या वेळात कापावे लागते, आणि त्याची ती तयारी असते. ही मुले कोणाची, असे विचारले तर गावातील कोणीही सांगेल. कोणाचा बाप ऊसतोडीस जातो, कोणाची आई रोजाने खुरपते, कोणाच्या घरी दोन एकर कोरडवाहू आहे आणि भाऊ तिघे आहेत. ज्यांच्या घरी ओलिताचे रान आहे, अथवा ज्यांचे वडील कचेरीत नोकरीस आहेत, त्यांची मुले त्या वेळी पुण्यास शिकवणीच्या वर्गाजवळच्या खोलीत निजलेली असतात. ह्यात त्या मुलांचा दोष आहे असे मी म्हणत नाही. परंतु लढाईविषयी विचार करणाऱ्याने ही सडक एकदा पहाटे पाहावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

२०२५ च्या मे महिन्यात सरहद्दीवर तोफा सुरू झाल्या. त्या चार दिवसांत आमच्याकडील गावांतून जो उत्साह दिसला तो वाचकांनीही आपापल्या गावी पाहिलाच असेल. ज्याच्या हाती फोन होता तो सेनापती झाला होता. त्याच आठवड्यात आमच्या मंडळीतील एक बाई सायंकाळच्या प्रार्थनेस आल्या. त्यांचा धाकटा मुलगा फौजेत आहे व त्या वेळी उत्तरेकडील ठाण्यावर होता. प्रार्थनेची पाळी त्यांच्यावर आली तेव्हा त्यांनी एवढेच मागितले की ही लढाई उद्याच्या उद्या थांबावी. लगेच मागे कुजबुज झाली. एका गृहस्थाने तर मोठ्याने म्हटले की अशा वेळी असे बोलणे म्हणजे शत्रूस साहाय्य करणे होय. मी काय केले ते सांगण्यास मला लाज वाटते. मी त्या बाईंना हळूच म्हणालो, "बाई, हे इथे नको." त्यांनी माझ्याकडे पाहिले व म्हणाल्या, "पाळकसाहेब, पोरगं माझं तिकडं हाय, अन् गप बसायचं ते बी म्याच?"

ह्या प्रश्नास माझ्यापाशी उत्तर नव्हते. १० मे रोजी तोफा थांबल्या, पण प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. म्हणून आज तो वाचकांपुढे मांडतो. देश लढाईत असता जो मनुष्य 'नको' म्हणतो तो देशावर प्रीती करीत नाही काय? आणि ज्यांच्या घरचे कोणीच जात नाही, त्यांस 'हो' म्हणण्याचा अधिकार कोठून आला?

आमच्या महाराष्ट्राच्या इतिहासात ह्या प्रश्नाचा एक भाग फार जुना आहे. १ जानेवारी १८१८ रोजी भीमा कोरेगाव येथे जी लढाई झाली, तिच्या स्तंभावर कोरलेल्या नावांत 'नाक' ह्या शब्दाने शेवट होणारी पुष्कळ नावे आहेत. ती महार शिपायांची होत. त्यांनी रक्त दिले आणि सरकारने दगडावर नाव दिले. पुढे १८९० नंतरच्या दशकात त्याच सरकारच्या सेनाधिकाऱ्यांस असे वाटू लागले की काही जातीच तेवढ्या लढाऊ आहेत, आणि महारांची भरती बंद झाली. ज्यांच्या आज्यापणज्यांची नावे स्तंभावर होती, त्यांस आता तुम्ही शिपाई होण्यास योग्य नाही असे सांगण्यात आले. तेव्हा सैन्यातून निवृत्त झालेले गोपाळ बाबा वलंगकर यांनी १८९४ साली ह्या अन्यायाविरुद्ध विनंतिपत्र तयार केले, आणि पुढे १९१० साली पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने विलायतेच्या भारतमंत्र्यांकडे अर्ज गेला. सरकार परक्यांचे होते. त्याच्या फौजेत जागा मागणे ही देशसेवा कशी, असे कोणी विचारील. मला तो प्रश्न पोट भरलेल्याचा वाटतो. त्या अर्जांत पगाराची गोष्ट होती, पेन्शनीची होती, मुलांच्या शिक्षणाचीही होती. पण मुळात मागणे एवढेच होते की आम्हांस माणसांत मोजा. १९१७ साली युद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा महारांची पलटण पुन्हा उभी केली, आणि गरज सरल्यावर १९२१ साली ती मोडली. गरज सरो आणि वैद्य मरो, ही म्हण ह्यापेक्षा अधिक कोठे लागू पडेल?

त्याच पहिल्या महायुद्धात, १० जून १९१८ रोजी, मुंबईच्या गव्हर्नरांनी युद्धसाहाय्यासाठी परिषद बोलावली. लोकमान्य टिळक बोलावयास उठले. त्यांनी राजनिष्ठा सांगितली, आणि मग स्वराज्याचा विषय काढताच गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्यांस थांबविले. टिळक सभा सोडून गेले. टिळकांस लढाईचा तिटकारा होता असे नव्हे. हिंदी लोकांस अधिकाऱ्यांच्या जागा मिळणार असतील तर महाराष्ट्रातून पाच हजार माणसे भरती करून देतो, असे त्यांनी गांधीजींस कळविले होते, व जामीन म्हणून पन्नास हजार रुपयांचा चेकही पाठविला होता. मदतीचा सौदा करू नये असे गांधीजींचे मत असल्याने त्यांनी तो परत केला. ह्या दोघांत कोणाचे बरोबर, ह्याविषयी वाचकांत मतभेद होईल. माझा कल टिळकांकडे आहे. ज्याच्या मुलास मरण्यास बोलावता त्याने 'माझा मुलगा शिपाईच राहणार की काय?' असे विचारले, तर त्यास सौदा म्हणणे मला जड जाते.

दुसऱ्या महायुद्धाची गोष्ट अधिक अवघड आहे. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉयांनी हिंदी लोकांस न विचारता हिंदुस्थान युद्धात असल्याचे जाहीर केले. १७ ऑक्टोबर १९४० रोजी वर्ध्याजवळील पवनार येथे विनोबा भावे उभे राहिले आणि ह्या युद्धास माणसांनी वा पैशांनी मदत करणे चूक आहे असे भर सभेत म्हणाले. वैयक्तिक सत्याग्रहाचे ते पहिले सत्याग्रही. चार दिवसांनी त्यांस पकडले. ह्याच काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मात्र हिटलरविरुद्ध लढले पाहिजे असे सांगत होते. १९४१ च्या जुलैत ते राष्ट्रीय संरक्षण मंडळाचे सभासद झाले, आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगाव येथे महार पलटण पुन्हा उभी राहिली. एक म्हणतो जाऊ नका, दुसरा म्हणतो जा. दोघांसही देशद्रोही म्हणणारे लोक त्या काळी होते. आज दोघांचीही चित्रे शाळेच्या भिंतीवर शेजारी शेजारी टांगलेली असतात, आणि मुलांस कोणी सांगत नाही की हे दोघे एका मोठ्या प्रश्नावर परस्परविरुद्ध उभे होते.

मग 'हो' की 'नको' ह्यावरून देशप्रीती ओळखता येत नाही, असेच ठरते. ती कशावरून ओळखावी? बोलणाऱ्याने आपल्या बोलण्याचे ओझे कोणाच्या खांद्यावर ठेवले ते पाहावे, असे मला वाटते. विनोबांनी तुरुंग स्वतः पत्करला. आंबेडकर ज्या मुलांस फौजेत पाठवू पाहत होते ती त्यांच्या स्वतःच्या समाजाची होती. त्यांचे वडीलही फौजेत सुभेदार होते. याउलट, आपल्या मुलास परदेशी शिक्षणास पाठवून दुसऱ्याच्या मुलास सरहद्दीवर शौर्य करावयास सांगणारा, आणि केवळ आपल्या जिवाच्या भीतीने शांतीचा कैवार घेणारा, हे दोघे एकाच माळेचे मणी होत.

ह्या ठिकाणी मला यिर्मया संदेष्ट्याची आठवण होते. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमास वेढा घातला असता त्याने शरण जा असे सांगितले. हा लढवय्यांचे हात दुबळे करितो, असा सरदारांनी त्याच्यावर आरोप ठेवला व त्यास चिखलाच्या विहिरीत सोडले. एका परदेशी कूशी नोकराने त्यास चिंध्या व दोर लावून वर काढले. येथवरची गोष्ट आपण मुलांस शब्बाथ शाळेत सांगतो, पण पुढची क्वचितच सांगतो. नगर पडल्यावर बाबेलच्या सेनानायकाने त्यास मुक्त केले व म्हटले, माझ्याबरोबर चल, मी तुझी नीट काळजी घेईन. यिर्मया गेला नाही. देशात जे दरिद्री लोक मागे ठेवले होते त्यांच्यामध्ये तो राहिला. तो शत्रूचा हस्तक नव्हता हे त्याच्या भाषणांपेक्षा ह्या एका गोष्टीने अधिक सिद्ध होते.

कोणी म्हणेल, पाळकसाहेब, हे सर्व ठीक, परंतु लढाईच्या वेळी घरात दोन मते असली तर शिपायाचा धीर खचतो. ह्या आक्षेपात तथ्य आहे, आणि आम्हां मराठवाड्याच्या लोकांस तर तो हसण्यावारी नेता येत नाही. परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता. १३ सप्टेंबर १९४८ रोजी हिंदी फौज आत शिरली नसती आणि १७ तारखेस निजामाचे सैन्य शरण आले नसते, तर आमच्या आजोबांचे काय झाले असते कोण जाणे. रझाकारांच्या गोष्टी मी लहानपणी ऐकल्या आहेत. बळाचा उपयोग कधीच करू नये, असे म्हणण्याचे धैर्य मला होत नाही.

पण त्याच वर्षाची आणखी एक गोष्ट आहे. हैदराबादेत 'इमरोज' नावाचे उर्दू दैनिक होते. त्याचे संपादक शोएबुल्ला खान हे मुसलमान असून, राज्य भारतात सामील व्हावे असे उघड लिहीत. १९४८ च्या ऑगस्टमध्ये, फौज येण्यापूर्वी सुमारे तीन आठवडे अगोदर, रात्री घरी परतताना त्यांच्यावर हल्ला झाला. ज्या हाताने ते लिहीत तो हात तोडण्यात आला, व ते मरण पावले. त्या राज्यात त्या काळी द्रोही कोणास म्हणत होते, हे वेगळे सांगावयास नको. आणि मुक्तीनंतर आमच्याच बाजूच्या लोकांनी अनेक गावी मुसलमानांच्या वस्त्यांवर जे केले, त्याची चौकशी पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफार यांच्या समितीने त्याच वर्षाच्या अखेरीस केली. ती समिती दिल्लीच्या सरकारनेच पाठविली होती. तिचा अहवाल पुष्कळ वर्षे कपाटात राहिला. दर १७ सप्टेंबरला आम्ही येथे झेंडा लावितो व लावावा. परंतु त्या दिवशीच्या भाषणात ह्या अहवालाचे नाव मी आजवर एकदाही ऐकले नाही. शोएबुल्ला खानांचे धैर्य आम्हांस आवडते, कारण ते त्यांच्या लोकांविरुद्ध होते. सुंदरलाल यांचे धैर्य आम्हांस आवडत नाही, कारण ते आमच्याविरुद्ध होते.

आमच्या धरणाचीही गोष्ट आहे. १९६० च्या दशकात ते बांधले गेले तेव्हा पाण्याखाली ज्यांची रानेवने गेली, त्यांस देशासाठी द्या असे सांगण्यात आले. त्यांनी दिले. मग मोबदल्यासाठी जो शेतकरी कचेरीच्या पायऱ्या झिजवीत राहिला त्यास कोणी देशद्रोही म्हटले नाही. २०२२ साली फौजेत चार वर्षांच्या नोकरीची अग्निपथ योजना आली तेव्हा ठिकठिकाणी जे तरुण विरोधास उठले, ते तर फौजेत जाण्यासाठीच धावणारे होते. राने देणाऱ्यास विचारता येते, मग मुलगा देणारीस का नाही?

ह्यानंतरच्या एका रविवारी मी त्या बाईंकडे गेलो व झाल्या गोष्टीची क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या, तुम्हालाबी लोकांत राहायचं हाय." ते ऐकून मला अधिकच वाईट वाटले. मग उपासनेत त्यांसच प्रार्थना करावयास सांगितले. त्यांनी आपल्या मुलासाठी मागितले, त्याच्या ठाण्यावरील इतर मुलांसाठी नावे घेऊन मागितले, आणि शेवटी पलीकडच्या ठाण्यावर जी पोरे असतील त्यांच्या आयांसाठी मागितले. ते गृहस्थ उठून बाहेर गेले. बाकीचे बसले होते. बाईंचा थोरला नातू दाराजवळ उभा होता. तो ह्या वर्षी अठरा पुरा करील, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मी सडकेने जात असता तो धरणाकडून धावत येताना मला भेटला.