दुसऱ्याचं लेकरू घरी आणताना

नागपूर

चि. सौ. सूनबाईस,


तुझं पत्र पोचलं. दुर्गच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षातून फॉस्टर केअरचा अर्ज आणलास, दोघांनी बसून अर्धा भरलात आणि मग मला विचारलंस, "आत्या, आम्हाला जमेल का?" जमेल. तुमच्या घरात जागा आहे, आवाज चढत नाहीत, आणि माझ्या भाच्याला मुलांशी बोलता येतं. पण पत्रातल्या एका वाक्यापाशी मी अडले. तू लिहिलंस, "येईल ते मूल आमचंच होऊन जाईल." अर्ज पुढे भरण्याआधी हे मनातून काढून टाक. येणारं मूल आधीच कुणाचं तरी आहे. त्याची आई कुठेतरी आहे. आजारी असेल, तुरुंगात असेल, नाहीतर नवऱ्याच्या दारूला कंटाळून निघून गेली असेल. एखादी आजी आहे, एक गाव आहे, कदाचित दुसऱ्या संस्थेत ठेवलेली धाकटी बहीण आहे. हे सगळं सोबत घेऊनच ते तुमच्या उंबऱ्यातून आत येईल. ते त्याच्यासाठी शाबूत ठेवणं हे तुमचं काम. माया तर तुम्ही कराल, त्याची मला काळजी नाही.

कायदाही हेच सांगतो. बाल न्याय कायदा २०१५ सालचा, त्याचं ४४वं कलम शांतपणे वाचून काढ. मूल पालनकर्त्या कुटुंबात असताना त्याच्या आईवडिलांना ठरावीक काळाने भेटायला येता येतं. बाल कल्याण समितीला ती भेट मुलाच्या हिताची वाटली नाही तर तिला कारणं लिहून ठेवावी लागतात. आईवडील सांभाळायला समर्थ झाले असं समितीला पटलं की मूल परत जाऊ शकतं. भावंडं शक्यतो एकत्र ठेवायची, असंही त्यात आहे. दत्तक देण्याजोगं ठरलेलं मूल दीर्घकाळ फॉस्टर केअरमध्ये द्यायचंच नाही, हेही आहे. तुझ्या मैत्रिणीने तुला सांगितलं की दोन वर्षं सांभाळलं की दत्तक मिळतं. ती अर्धीच गोष्ट आहे. २०२४च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनी पाच वर्षांची अट दोन वर्षांवर आणली हे खरं, पण मूल दत्तकासाठी कायद्याने मोकळं असेल तरच तो रस्ता उघडतो. दत्तकाच्या रांगेतून सुटका म्हणून कुणी या वाटेने आलं की ते मनातल्या मनात त्या आईच्या न परतण्याची वाट पाहू लागतं. आणि मुलाला ते कळतं, सूनबाई. मुलांना सगळं कळतं.

एक प्रश्न मात्र अर्जाच्याही आधीचा आहे, आणि तो तुम्ही समितीला विचारायला हवा. या मुलाला आईपासून दूर ठेवण्याचं कारण काय? तू रोज भिलाईच्या सेक्टरमधून रेल्वे रुळांपलीकडे पॉवर हाउसला जातेस, कॅम्पातल्या, खुर्सीपारच्या गल्ल्या तुला माहीत आहेत. प्लांटमध्ये कायम नोकरीवर असलेला माणूस गेला तर मागे फंड असतो, अनुकंपा नोकरीची आशा असते. ठेक्यावरचा मजूर गेला की बायकोच्या हाती महिन्याभरात काही उरत नाही. अशी बाई पोराला संस्थेत ठेवते ती पोटाला नाही म्हणून. तिला दुसऱ्या घराची गरज नाही, महिन्याच्या पैशांची आहे. त्यासाठी सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेत प्रायोजकत्व आहे, म्हणजे मूल आईजवळच राहतं आणि महिन्याला चार हजार रुपये येतात. विधवा, परित्यक्ता, मोठ्या आजाराने अंथरुणाला खिळलेले पालक, आजीआजोबांकडे वाढणारी अनाथ मुलं, सगळे त्यात बसतात. शहरात वर्षाला ९६ हजार आणि खेड्यात ७२ हजार ही उत्पन्नाची मर्यादा आहे. फॉस्टर केअरलाही चार हजारच मिळतात. जे पैसे सरकार तुम्हाला देणार तेच त्या आईला दिले तर मूल घरीच राहणार असेल, तर तुम्ही तो अर्ज भरायला तिला मदत करा आणि आनंदाने मागे सरा. गरिबी हे एकच कारण मूल घरातून उचलायला कधीच पुरेसं नाही, असं संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २००९ साली मान्य केलंय. दुर्गच्या एखाद्या सुनावणीत हे ठामपणे बोलणारं कुणी बसलेलं असेल तर फार फरक पडतो. मी तो पडताना पाहिलाय.

आता मूल आल्यावरचं सांगते.

तिकडेच शाळेत शिकवत होते तेव्हा माझ्या वर्गातल्या एका मुलीसाठी मी कॅम्पात एका घरी जात असे. आठ-नऊ वर्षांची पोर, आई दवाखान्यात, शेजारणीने ठेवून घेतलेली. शेजारीण कौतुकाने सांगायची, "बघा मॅडम, किती शहाणी! सगळ्यांच्या आधी उठते, गोधडीची घडी घालते, चपला जवळ ठेवते आणि गुपचूप बसून राहते." मी त्या पोरीच्या तोंडाकडे पाहिलं. ती शहाणपणाने बसलेली नव्हती, ती तयार होऊन बसलेली होती. त्याआधी तिला ज्या ज्या घरातून हलवलं, ते सकाळीच आणि तिला काहीएक न सांगता. मग शेजारणीने एक केलं. भिंतीवर लाला रामस्वरूपचं कॅलेंडर होतं. रोज रात्री त्यावर बोट ठेवून ती पोरीला सांगायची की उद्या मंगळवार, उद्या शाळा, संध्याकाळी दवाखान्यात आईकडे, आणि रात्री झोपायला इथेच. बास, एवढंच. किती आठवडे गेले आठवत नाही, पण एक दिवस ती मुलगी शाळेत उशिरा आली. झोप लागून गेली होती म्हणे. मला इतकं बरं वाटलं की मी तिला उशिराचं काही बोलले नाही.

तेव्हा तुझ्याकडे येणारं मूल फार गुणी वागलं तर निर्धास्त होऊ नकोस, आणि आदळआपट केली तर घाबरू नकोस. उद्या काय होणार आहे ते त्याला आज सांग. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणून सांग. "मोर दाई कब आही?", माझी आई कधी येईल, हा प्रश्न ते विचारेल, जेवताना, अभ्यासात, मध्यरात्री. "येईल हं लवकर" म्हणून वेळ मारून नेऊ नकोस. "समितीची तारीख अमुक दिवशी आहे, त्या दिवशी आपण विचारू," असं सांग आणि त्या दिवशी खरंच विचार. त्याच्या तोंडून स्वतःला आई म्हणवून घेऊ नकोस, काकी पुष्कळ झालं. उन्हाळ्यात त्याने सकाळी बासी मागितली, म्हणजे रात्रीचा पाण्यात ठेवलेला भात, कांदा आणि हिरवी मिरची, तर "शिळं काय खातोस" हे शब्द तुझ्या घरात कुणीही उच्चारायचे नाहीत. त्याची आई त्याला तेच देत होती. तू स्वतः शिक, त्याच्याबरोबर खा. छेरछेराच्या सणाला इतर पोरांबरोबर त्याला दारोदार धान मागायला जाऊ दे, हरेलीच्या सणाला बांबूच्या गेडीवर चढू दे. तुझ्या लेकीबरोबर तो मराठी शिकेलच, पण त्याची छत्तीसगढी मोडू देऊ नकोस. आजीशी त्याला त्याच भाषेत बोलायचंय.

गावाशी नातं राखण्याचं आणखी एक रोकडं कारण आहे, ते सहसा कुणी सांगत नाही. छत्तीसगडमध्ये जातीचा दाखला काढायला बहुधा मिसल, म्हणजे जुनी महसुली नोंद लागते, अनुसूचित जाती-जमातींसाठी १९५० पूर्वीची. ती मिसल आजोबा-पणजोबांच्या नावाने असते, आणि ते नाव गावातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक असतं. मूल चार-पाच वर्षं गावापासून तुटलं, दरम्यान आजी गेली, की अठराव्या वर्षी दाखला मिळणं अवघड, आणि त्याविना ना शिष्यवृत्ती ना आरक्षण. म्हणून पहिल्या भेटीतच आजीकडून घराण्याची नावं, गाव, पटवारी हलका (तलाठ्याचा सजा) असं सगळं लिहून घे. लसीकरणाचं कार्ड, शाळेचे दाखले, आधार, एकेक फोटो, सगळं एका फाइलमध्ये लाव. ती फाइल मुलाची. ते जाईल तेव्हा त्याच्याबरोबर जाईल.

समितीबद्दल. बाल कल्याण समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. त्यांच्यापुढे ढीगभर प्रकरणं असतात आणि तुमच्या मुलाला ते थोडा वेळ पाहतात. त्याला चोवीस तास पाहणारे तुम्ही दोघं आहात. म्हणून वही ठेव. कधी ताप आला, आईच्या भेटीनंतर दोन दिवस झोपला नाही की उलट शांत झोपला, शाळेत कोण काय बोललं, हे तारखेसकट लिही. तुझं मत वेगळ्या पानावर, घडलेलं वेगळ्या पानावर. त्याच्यासाठी आखलेल्या वैयक्तिक देखभाल योजनेची प्रत मागून घे, आणि त्यात समुपदेशन लिहिलं असेल तर ते कुठे, कोण, कधी करणार हे विचारत राहा. रोमानियात बुखारेस्टला २००० साली संस्थांमधल्या १३६ लहान मुलांचा अभ्यास सुरू झाला. त्यातली निम्मी मुलं पालनकर्त्या कुटुंबांत ठेवली. त्यांची बौद्धिक वाढ संस्थेत राहिलेल्यांपेक्षा चांगली झाली, आणि वयाची दोन वर्षं पूर्ण होण्याआधी अशा कुटुंबात गेलेल्यांची सर्वांत जास्त. हे सगळीकडे सांगितलं जातं. त्या कुटुंबांच्या पाठीशी सामाजिक कार्यकर्ते सतत उभे होते, हे सांगायचं मात्र राहून जातं. तेव्हा मदत मागताना संकोच करू नकोस. दर महिन्याची तपासणी हा तुमच्यावरचा अविश्वास नाही, मागण्या मांडायची ती जागा आहे. एखादा निर्णय मुलाच्या हिताचा नाही असं वाटलं तर फॉस्टर केअरमधलं अपील कलेक्टरांकडे जातं. तेही करा. आणि समितीपुढे जाण्याआधी मुलाला विचार, "तुझ्या वतीने मी काय सांगू?" मग त्याचे शब्द त्याचेच ठेवून सांग.

नातेवाइकांचं मी बघते. वन्सं फोन करून "जात कुठली, रक्त कुठलं" विचारतील, त्यांना माझा नंबर दे. आपल्याच घराण्यात माझे काका नातेवाइकांच्या घरी राहून शिकले, आणि म्हातारपणापर्यंत त्यांना आठवायचं ते एवढंच, की तूप वाढणारा हात त्यांच्या पानापाशी आला की आखडायचा. अन्नाला, शिक्षणाला काही कमी पडलं नाही, पण उपकाराखाली वाढले. तुझ्या घरात कुणी, कौतुकानेही, "केवढं केलंस गं त्याच्यासाठी" असं मुलादेखत बोललं तर तिथल्या तिथे थांबव. गणपतीत त्याचे फोटो व्हॉट्सॅपवर टाकायचे नाहीत, कुणी टाकले तर काढायला लाव. अशा मुलाची ओळख उघड करणं त्याच बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे. आणि "एका बाईला बाळ नकोय, परस्पर घेऊन टाका" असं सांगत कुणी भलं माणूस आलं, तर गोड बोलून त्याला घालव आणि मुलांच्या हेल्पलाइनला, १०९८ला, फोन कर. परस्पर मूल देणं आणि घेणं, दोन्हीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

मूल परत जाईल त्या दिवसाचंही आत्ताच बोलून ठेवते, कारण तेव्हा तू माझं ऐकण्याच्या स्थितीत नसशील. तुला रडू येईल. रड, पण त्याच्यावर तुझं रडं थोपवायची जबाबदारी पडू देऊ नकोस. त्याला आधीपासून दोनतीनदा आईकडे राहायला पाठव. सामान त्याच्या हाताने भरू दे, आणि चांगल्या बॅगेत, प्लास्टिकच्या पोत्यात नाही. त्याच्या आईला तुझा फोन नंबर दे आणि सांग की पोराला ताप आला, शाळेची फी अडली, किंवा तिलाच नुसतं बोलावंसं वाटलं, तरी फोन कर. ती बाई तुझ्यापुढे लाजेने खाली बघत असेल. तिला आधी खुर्ची दे, चहा दे, आणि तिच्या मुलाची चांगली बातमी तिच्या कानावर घाल. हा आदर मूल पाहत असतं.

आता राहिली तुमची लेक. तिच्याबद्दल तुझ्या पत्रात एक ओळही नाही. दहा वर्षांची आहे, तिची खोली वाटली जाणार, आईचा वेळ वाटला जाणार, आणि सहा महिन्यांनी तिला भाऊ म्हणून लाडका झालेला मुलगा निघूनही जाऊ शकतो. तिला हे सगळं, परत जाण्यासकट, सांगा आणि विचारा. दोघांनी एकदम नको, आधी तिच्या बाबाने एकट्याने विचारू दे, त्याच्यापाशी ती जास्त मोकळी बोलते. "नको" म्हणाली तर तिला समजावत बसू नका. अर्ज कपाटात ठेवा, पुढच्या शाळेच्या सत्रात पुन्हा विचारा. "हो" म्हणाली तर तिचं काय वाटून घ्यायचं आणि काय फक्त तिचंच राहील, याची यादी तिलाच करू दे, आणि अर्जाच्या उरलेल्या रकान्यांबरोबर ती मला पाठव. मग मी येते, दुर्गच्या कार्यालयात आपण बरोबरच जाऊ.

तुझी,
आत्या