पंधराव्या वर्षी मारलेला शेरा

राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यातली एक तरतूद ऑक्टोबर २०२४मध्ये बातम्यांत आली आणि चार दिवस गदारोळ झाला. दहावीला गणितात किंवा विज्ञानात पस्तीसऐवजी वीस गुण मिळाले तरी विद्यार्थ्याला अकरावीत जाता येईल. मात्र गणित-विज्ञानावर आधारलेलं पुढचं शिक्षण त्याला घेता येणार नाही, असा शेरा गुणपत्रिकेवर राहील, अशी ती तरतूद. सगळा वाद विसाच्या आकड्यावर झाला. दर्जा घसरला म्हणून एका बाजूने ओरड झाली, मुलांवरचं ओझं उतरलं म्हणून दुसऱ्या बाजूने स्वागत झालं. शेऱ्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही. मला मात्र त्या तरतुदीतली सर्वांत घातक गोष्ट तो शेराच वाटतो.

सवलतीला माझा विरोध नाही. दहावीच्या गणितात अडकलेलं पोर पुढे काय करतं हे गावात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. मुलगा एमआयडीसीत कंत्राटी कामाला लागतो, मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. एका विषयापायी शिक्षण तुटू नये, हे धोरण योग्यच आहे. पण ज्याला पंधराव्या वर्षी त्रिकोणमिती जमली नाही त्याला ती पुढे कधीच जमणार नाही, असं शासनाने लिहून द्यावं, याला कसलाही आधार नाही. शिवाय हे वीस गुण कुणाला पडतात तेही पाहिलं पाहिजे. जिथे गणिताच्या शिक्षकाचं पद वर्षानुवर्षं रिकामं आहे आणि दुसऱ्याच विषयाचे सर तो तास कसाबसा घेतात, तिथल्या मुलांना ते पडतात. शाळेची उणीव मुलाच्या नावावर लागते आणि जन्मभराची होते.

या शेऱ्यामागची समजूत एकट्या शासनाची नाही. दर उन्हाळ्यात करिअर मार्गदर्शनाचे मेळावे भरतात आणि व्यासपीठावरून तीच ठासून सांगितली जाते: आधी करिअर ठरवा, मग विषय निवडा. ऐकायला हे शहाणपणाचं वाटतं. पण दहावीच्या मुलाने करिअर ठरवायचं ते कशाच्या आधारावर? त्याने पाहिलेले व्यवसाय म्हणजे घरातले, शेजारचे आणि मोबाइलवरचे. राज्याने २०१६पासून दहावीच्या मुलांची कलमापन चाचणी घेतली, तेव्हाही माझा आक्षेप हाच होता. कल हा ओळखीतून तयार होतो. ज्या मुलीने मानसशास्त्राचं किंवा अर्थशास्त्राचं पुस्तक उघडून पाहिलेलं नाही, जिच्या शाळेतल्या प्रयोगशाळेच्या कपाटाला कायम कुलूप होतं, तिचा कल कोणती प्रश्नावली मोजणार? प्रश्नावली मोजते ती आजवर तिच्या वाट्याला आलेली दुनिया. दहावीनंतरची दोन वर्षं करिअर पक्कं करण्यासाठी नसावीत. अनोळखी विषयांशी ओळख व्हावी यासाठी ती असावीत.

दुसरा सल्ला याच्या उलट दिशेचा आणि त्याहून लोकप्रिय आहे: काही ठरत नसेल तर सायन्स घे, सगळे दरवाजे उघडे राहतात. परिणाम आकड्यांत दिसतो. फेब्रुवारी २०२५च्या बारावी परीक्षेला राज्यात १५,०५,०३७ विद्यार्थ्यांची नोंदणी होती. त्यांतले ७,६८,९६७ विज्ञानाचे, म्हणजे निम्म्याहून अधिक. कलेचे ३,८०,४१० आणि वाणिज्याचे ३,१९,४३९. विज्ञानाची ही सगळी मुलं पदार्थविज्ञानाच्या ओढीने आलेली नाहीत. कॉलेजात नाव घालायचं आणि दिवस क्लासमध्ये काढायचा, ही ‘इंटिग्रेटेड’ची रीत इतकी पसरली की विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश शासनाला २०१८मध्ये काढावा लागला. नको असलेल्या विषयात मुलाची उमेदीची दोन वर्षं जातात आणि शेवटी ‘आपल्याला शिक्षण जमत नाही’ एवढंच त्याच्या मनावर कोरलं जातं. म्हणून हा सल्ला मला मुलांवरचा अन्याय वाटत आला आहे.

हा सल्ला अर्जात कसा उतरतो ते तालुक्याच्या एका नेट कॅफेत मी पाहिलं. अकरावीच्या ऑनलाइन अर्जाचा भाग दोन भरणं चालू होतं. मुलगी खुर्चीत, वडील मागे आधार कार्ड आणि शाळा सोडल्याचा दाखला घेऊन उभे. चालकाने विचारलं, ‘सायन्सच ना?’ वडील म्हणाले, ‘हो, सायन्सच टाका.’ मुलीने विचारलं, ‘दादा, सायन्सला भूगोल घेता येतो का?’ तो म्हणाला, ‘ते इथे नसतं ताई, कॉलेजात विचारा.’ मग एसटीच्या मार्गावरची कॉलेजं एकापाठोपाठ एक टाकली गेली. जास्तीत जास्त दहा पसंती देता येतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं आणि तिथे प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाद होतं. म्हणून पहिला क्रमांक टाकताना वडिलांनी घरी फोन करून विचारून घेतलं. भूगोलाचा प्रश्न तिथेच राहिला. चालकाची त्यात चूक नव्हती. अर्ज शाखा विचारतो, कॉलेज विचारतो. मुलगी तिथे काय शिकणार, हे विचारायला त्यात जागाच नाही. मंडळाच्या विषययादीत विज्ञानाच्या विद्यार्थ्याला भूगोल आहे. तो शिकवणारं कॉलेज तिच्या एसटीच्या मार्गावर आहे का, हा खरा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर प्रवेशाआधी मिळण्याची सोय नव्हती.

त्या बापाला नावं ठेवणं सोपं आहे. मी ठेवणार नाही, कारण नियम वाचत गेलं की त्याचा हिशेब बरोबर निघतो. विज्ञानातून बारावी झालेली मुलगी इतिहासात पदवी घेऊ शकते, कायद्याला जाऊ शकते, पत्रकारितेला जाऊ शकते. कलेतून बारावी झालेल्या शेतकऱ्याच्या मुलाला मात्र कृषी पदवीला प्रवेश नाही. त्याच्या बहिणीला बी.एस्सी. नर्सिंग करायचं असेल तर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र लागतं. वास्तुशास्त्राला गणित लागतं. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्सला किंवा भारतीय सांख्यिकी संस्थेत बी.स्टॅट.ला जायचं तर बारावीला गणित हवंच. रस्ता एकाच दिशेने चालू आहे आणि बापाने वर्दळ पाहून मुलीला त्या बाजूला उभं केलं. त्यात कला सोपी हा समजही खोटा. २०२५च्या बारावीत विज्ञानाचा निकाल ९७.३५ टक्के होता आणि कलेचा ८०.५२. जिथे जवळजवळ पाचातला एक नापास होतो ती शाखा सोपी नाही. अडलेली मुलं तिथे पाठवली जातात आणि शिकवण्याची आबाळही तिथेच सर्वांत जास्त होते.

तेव्हा माझं भांडण पालकांच्या निवडीशी उरत नाही. ते वळतं एकतर्फी नियमांकडे, आणि जे म्हणतात की नव्या धोरणाने हा प्रश्न सोडवलाच आहे, त्यांच्याकडे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० म्हणतं की कला आणि विज्ञान यांत पक्की भिंत राहणार नाही. २०२३च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने अकरावी-बारावीला दोन भाषा आणि किमान दोन गटांतले चार विषय अशी रचना सुचवली. ही दिशा मला मान्य आहे. पण हे देशात पहिल्यांदाच घडतंय, असं जे सांगितलं जातं ते खरं नाही, आणि ते का खरं नाही हे समजून घेतल्याशिवाय यातून काही हाती लागणार नाही. १९५२-५३च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळेत सात गट केले होते: मानव्यविद्या, विज्ञान, तंत्र, वाणिज्य, शेती, ललित कला आणि गृहविज्ञान. १९६४-६६च्या कोठारी आयोगाने ती चौकट बाजूला सारली. पहिली दहा वर्षं सर्वांना विज्ञान आणि गणित सक्तीचं, आणि पुढच्या दोन वर्षांत दोन भाषांबरोबर एकाच यादीतून कोणतेही तीन विषय, असं त्याने सुचवलं. त्या यादीत इतिहास, भूगोल, तर्कशास्त्र, मानसशास्त्र, भौतिकशास्त्र, गणित, कला, गृहविज्ञान शेजारी शेजारी होते. २०२०मध्ये नवं म्हणून जे आलं त्याचा गाभा १९६६मध्ये लिहिला गेला होता.

त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक होते. कोल्हापूर जिल्ह्यात १९०७मध्ये जन्मलेला हा माणूस गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत होता, धारवाडकडच्या खेड्यांत काम केलेला होता, भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषदेचा पहिला सदस्य-सचिव होता. महाराष्ट्राच्या शिक्षणचर्चेत त्यांचं नाव इतकं कमी का येतं, याचं मला नेहमी दुःख होतं. १९७५च्या पुस्तकात त्यांनी भारतीय शिक्षणाची कोंडी समता, गुणवत्ता आणि विस्तार या तीन टोकांच्या ताणातून मांडली. १९८१मध्ये ते गेले आणि पुढच्या वर्षी त्यांचं ‘द एज्युकेशन कमिशन अँड आफ्टर’ आलं. ज्या अहवालासाठी आपण राबलो त्याच्या शिफारशींचं पुढे काय झालं, याची झडती स्वतः घेणारं ते पुस्तक आहे. आपल्याकडे अहवाल लिहिणारे पुष्कळ आहेत. लिहिलेल्याचा असा पाठपुरावा करणारे फार थोडे. आयोगाच्या आकृतिबंधातला दहा अधिक दोन अधिक तीन हा आकडा देशाने उचलला. त्या दोन वर्षांत काय शिकवायचं, ते मागे राहिलं.

किती मागे राहिलं, त्याचंही एक माप आहे. दहावीनंतरच्या मुलांपैकी निम्मी १९८६पर्यंत व्यावसायिक शिक्षणात असावीत, असा आयोगाचा अंदाज होता. महाराष्ट्राने १९८८च्या सुमारास एमसीव्हीसी हा किमान कौशल्यांवर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम सुरू केला. २०२५च्या बारावीत व्यवसाय अभ्यासक्रमाचे विद्यार्थी ३१,७३५ होते, म्हणजे शंभरातले दोन. आयटीआय आणि पॉलिटेक्निकची बरीचशी मुलं या हिशेबाबाहेर आहेत हे मान्य. ती धरली तरी आकडा निम्म्याच्या आसपास फिरकत नाही. नाईकांच्या त्रिकोणातला विस्तार आपण साधला. २०२५मध्ये अकरावीच्या जागा वीस लाखांहून अधिक होत्या, दहावी उत्तीर्ण झालेल्यांपेक्षा कितीतरी जास्त. जागा वाढल्या, त्या जागांवर शिकायला मिळणारे विषय वाढले नाहीत.

का वाढले नाहीत, याचा पुरावा बालभारतीच्या एका पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आहे. अकरावी-बारावीच्या गणिताच्या पुस्तकावर ‘गणित व संख्याशास्त्र’ या नावाखाली ‘कला व विज्ञान’ असं छापलेलं असतं. कलेच्या विद्यार्थ्याला गणित घ्यायला मंडळाची कधीच आडकाठी नव्हती. राज्यशास्त्र, अर्थशास्त्र आणि गणित हा उत्तम संच आजच्या नियमांतही बसतो. आता तालुक्याच्या गावच्या कोणत्याही कला महाविद्यालयात जाऊन गणिताचा तास कुठल्या खोलीत आहे ते विचारा. तो नसतो. पुरेशी मुलं नाहीत म्हणून संचमान्यतेत, म्हणजे विद्यार्थिसंख्येवरून शिक्षकांची पदं मंजूर करण्याच्या हिशेबात, पद बसत नाही, पद नाही म्हणून शिक्षक नाही, शिक्षक नाही म्हणून विषय माहितीपत्रकात नाही, आणि माहितीपत्रकात नाही म्हणून मुलं येत नाहीत. विनाअनुदानित तुकडीत तर तासिका तत्त्वावर एकाच माणसाला दोन-तीन विषय दिले जातात. निवडीचं स्वातंत्र्य धोरणाच्या कागदावर असतं; ते संपतं संचमान्यतेत आणि वेळापत्रकात. कोठारी आयोगाची यादी तिथेच अडली. नवा आराखडाही तिथेच अडेल, जर शिक्षकांच्या पदांचा प्रश्न बाजूला ठेवून शाखांची फक्त नावं पुसली गेली तर.

याच वेळापत्रकाने मराठीचंही काय केलं, ते सांगायलाच हवं. विज्ञानाची असंख्य मुलं अकरावीला मराठी सोडून माहिती तंत्रज्ञान घेतात, कारण त्यात गुण पडतात. सोळाव्या वर्षी त्यांचा मराठी साहित्याशी शाळेतून येणारा संबंध संपतो. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. गुण आणि भाषा यांत एकाला निवडायला त्यांना आपण लावलं.

सोडलेल्या विषयाकडे पुढे परत येता यावं, या म्हणण्यावर एक गंभीर आक्षेप येतो आणि तो गणित शिकवणाऱ्यांकडून येतो. गणित पायरीपायरीने चढतं. दोन वर्षं सोडलेला मुलगा कलनशास्त्राच्या वर्गात बसवला तर त्याची फरपट होईल, असं ते म्हणतात. ते खरंच आहे. म्हणून अट काढून टाका असं मी म्हणत नाही. पदवीला जे ज्ञान लागतं त्याची परीक्षा घ्या, कठोर घ्या; पण ते ज्ञान बारावीनंतर मिळवण्याची संधी द्या. असं करता येतं, याचे दाखले आपल्यासमोर आहेत. बारावी झाल्यावर जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण झालेल्यालाही ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा देता येईल, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३मध्ये जाहीर केलं. दहावीनंतर पॉलिटेक्निकला गेलेली मुलं डिप्लोमा करून अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षात बसतात आणि अभियंते होतात. डॉक्टरकी आणि अभियांत्रिकीला जी वाट चालते ती कृषी, नर्सिंग आणि संख्याशास्त्राला का चालू नये?

दहावीच्या मुलांना माझं सांगणं थोडकं आहे. करिअर आत्ता ठरलं नसेल तर ती कमतरता नाही. गणित थोडं जरी जमत असेल तर कोणत्याही शाखेत ते सोडू नका, आणि एक विषय असा घ्या जो फक्त तुमच्या आवडीचा आहे. पालकांनी कॉलेजचा कटऑफ विचारण्याआधी तिथे कोणत्या विषयाला कायम शिक्षक आहे ते विचारावं.

शासनाकडे तीन मागण्या. गुणपत्रिकेवरचा तो शेरा आराखड्यातून काढा. बारावीनंतर एकेक विषय उत्तीर्ण होऊन कोणत्याही पदवीला पात्र होण्याचा नियम सगळ्या विद्यापीठांना लागू करा. आणि अकरावीच्या अर्जात प्रत्येक कॉलेजासमोर तिथे प्रत्यक्ष शिकवले जाणारे विषय आणि त्या विषयांचे मान्य शिक्षक दाखवा. पहिल्या दोन मागण्यांना नियम बदलावे लागतील, थोडा वेळ जाईल. तिसरीची सगळी माहिती संचमान्यतेच्या रूपाने शासनाकडे आजच आहे. पुढचे अर्ज उघडण्याआधी ती मुलांसमोर ठेवता येईल, आणि ठेवलीच पाहिजे.