आजाराची बातमी कुणाची?

आजारी माणसाला त्याच्या आजाराचे नाव सांगावे की सांगू नये, हा प्रश्न डॉक्टरांपेक्षा घरच्यांनाच अधिक छळतो. आमच्या मोहल्ल्यात कर्करोगाचे नाव कुणी घेत नाही. 'वो बीमारी' म्हणायचे आणि पुढचे डोळ्यांनी सांगायचे. रिपोर्ट मुलाच्या खिशात, आणि ज्याचे शरीर पोखरले जात आहे त्याला ऐकवायचे, "अल्सर आहे अब्बा, बरे व्हाल." हे सारे प्रेमापोटी होते, हे आम्ही नाकारत नाही. पण प्रेमाला हा अधिकार दिला कुणी?

या संदर्भात 'डीप पर्पल' या इंग्लिश रॉक बँडचे जॉन लॉर्ड आम्हाला आठवतात. १९४१ साली लेस्टर शहरात जन्मलेले हे गृहस्थ १९६८ पासून या बँडमध्ये हॅमंड ऑर्गन वाजवीत. आपल्या पेटीला भाता असतो. हॅमंडमध्ये विजेच्या मोटारीवर फिरणारी चाके सूर निर्माण करतात. लॉर्ड यांनी हे वाद्य गिटारसाठी असलेल्या मार्शल अँप्लिफायरला जोडले आणि प्रार्थनामंदिरातला सोज्वळ आवाज गुरगुरू लागला. १९६९ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्यांनी आपला बँड आणि रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा एकत्र बसवून स्वतःची रचना सादर केली. तिची स्वरलिपी पुढे हरवली. तीस वर्षांनी, १९९९ साली, जुने ध्वनिमुद्रण ऐकून ती पुन्हा लिहिली गेली आणि त्याच सभागृहात वाजली. २००२ मध्ये त्यांनी बँड सोडला, संगीत सोडले नाही. कर्करुग्णांच्या मदतीसाठी होणाऱ्या 'सनफ्लॉवर जॅम' या कार्यक्रमातही ते वाजवीत.

ऑगस्ट २०११ मध्ये लॉर्ड यांनी स्वतःच जाहीर केले की आपल्याला कर्करोग झाला आहे. उपचार चालू असेपर्यंत मंचावर येणार नाही, रचना मात्र करीत राहीन, पुढच्या वर्षी परत येईन, असा त्याचा आशय होता. पुढच्या वर्षी, १६ जुलै २०१२ रोजी, त्यांचे निधन झाले. रोग स्वादुपिंडाचा होता.

कुणी म्हणेल, मग तीही खोटी आशाच ना? आम्हाला तसे वाटत नाही. आशा म्हणजे ज्योतिष नव्हे, की ती खरी ठरली नाही तर खोटी म्हणावी. लॉर्ड यांनी रोग माहीत असून आशा धरली. आमच्या अब्बांना मात्र आपण अल्सर बरा होण्याची आशा देतो, म्हणजे जो रोग त्यांना नाहीच त्याची. ती त्यांची आशा नव्हे, आपली सोय आहे. खरे ठाऊक असते तर कदाचित त्यांनी दुरावलेल्या भावाला बोलावले असते, कुणाचे देणे फेडले असते. लॉर्ड यांना ठाऊक होते, म्हणून काय थांबवायचे आणि काय चालू ठेवायचे हे त्यांना ठरवता आले. १९६९ च्या त्या रचनेचे स्टुडिओतले ध्वनिमुद्रण त्यांच्या अखेरच्या काळात पुरे झाले. मृत्यूपूर्वी ते त्यांनी ऐकले.

काही माणसांना खरोखरच जाणून घ्यायचे नसते. एखादी अम्मी म्हणते, "मला सांगू नका, थोरल्याला सांगा." तिने आपला हक्क सोडला नाही, वापरला. लॉर्ड यांनीही आपल्या निवेदनात कर्करोग एवढेच सांगितले होते, कुठला ते नाही. किती सांगायचे हेही त्यांनीच ठरवले. आपल्या घरात मात्र अब्बांना एवढेसुद्धा कुणी विचारीत नाही की, अब्बा, रिपोर्ट आला आहे, तुम्हाला ऐकायचा आहे का?