दणके कोणी खायचे?

मोटारीच्या पोटाखाली, जिथे मालकाची नजर सहसा जात नाही, तिथे काही रबराचे तुकडे राहतात. त्यांना बुश म्हणतात. आत एक लोखंडी नळी, बाहेर दुसरी, आणि मधे रबर. चाकाला धरणारा लोअर आर्म खालीवर हलतो तो ह्या रबराच्या जिवावर. खड्ड्याचा राग चाक आर्मवर काढतं, आर्म रबरावर काढतो, आणि रबर तो गिळून टाकतं. वर गादीवर बसलेली मंडळी म्हणतात, "गाडी काय मस्त पळते हो!" रबराचं नाव निघतं ते झिजल्यावर. मग खालून खडखड येते, टायर एका बाजूने घासतात, आणि सगळे म्हणतात, "बुशांनी घात केला!"

मी बी. कॉम. झालेला, बँकेत काउंटरवर बसणारा माणूस. ग्राहक आणि साहेब ह्या दोन लोखंडी नळ्यांमधलं रबरच म्हणा ना! तेव्हा एका रविवारी गाडीचे बुश स्वतः बदलायला घेतले, ते बंधुभावानेच.

नाना पेठेतला दुकानदार म्हणाला, "रबर कशाला, साहेब? पॉलियुरेथेन टाका!" १९३७ साली जर्मनीत ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलेला हा पदार्थ. कडक, तेला-ग्रीसला दाद न देणारा. वळणावर गाडी लेचीपेची होत नाही. पण तो स्वतः कमी सोसतो आणि उरलेला दणका वर पाठवतो. शिवाय ग्रीस कमी पडलं की कुरकुरतो. रबरात बराचसा दणका उष्णता होऊन जिरतो. तिथे जिरला नाही, तर तो आपल्या मणक्यात येतो.

आता प्रश्न असा, की सोसणं हा सद्गुण, की दुसऱ्याची सोय? प्रत्येक घरात एक माणूस रबराचा असतो. बहुधा आई, नाहीतर थोरली सून. सासऱ्यांचा संताप, मुलांचे रुसवे, पाहुण्यांचे टोमणे, सगळं तिच्यात जिरतं आणि घर मस्त पळतं. आपण तिला 'सोशिक' म्हणतो आणि खड्डे तसेच ठेवतो. सोशिकपणाचं कौतुक करणारे बहुतेक गादीवरच बसलेले असतात. पुढे घरात एखादी पॉलियुरेथेनची सून आली, की आपण म्हणतो, "हल्लीच्या मुली कुरकुरतात फार." अहो, कुरकुर नवी असेल, दणका जुनाच आहे. इतकी वर्षं तो आपल्यापर्यंत पोचत नव्हता, इतकंच.

मग सगळ्यांनीच कडक व्हावं का? तसं झालं तर प्रवास नको होईल. उत्तर मला सापडलं ते नट आवळताना. रबरी बुशाचा नट गाडी जॅकवर असताना शेवटचा आवळायचा नसतो. तेव्हा चाक लोंबकळत असतं. तसाच आवळला, तर गाडी खाली उतरताच रबर पिळलं जातं आणि पुढे उभ्या गाडीतही पिळलेलंच राहतं. दणका न खाताच फाटायला लागतं. चाकं जमिनीवर टेकवावीत, गाडीचा भार येऊ द्यावा, रबराला आपली जागा घेऊ द्यावी, आणि मग आवळावं.

मी रबरच घेतलं. सोसणाऱ्याने आपल्या जागी, आपल्या बेताने सोसावं, ह्यात कमीपणा नाही. पण गादीवरच्यानेही अधूनमधून खाली वाकून बघावं. पन्नाशीकडे झुकल्यावर, सुटलेल्या पोटाने वाकणं सोपं नाही, हे मी जाणतो. तरी वाकावं.