‘लागणे’, ‘लावणे’ आणि पाहणाऱ्याचे कर्तृत्व

‘आज टीव्हीवर काय लागलंय?’ हा प्रश्न मराठी घरांतून कित्येक वर्षे इतक्या सहजपणे विचारला गेला की त्यातील क्रियापदाकडे आपले लक्षही जात नाही. ‘लागणे’ हे अकर्मक क्रियापद आहे. ऊन लागते, ठेच लागते, भूक लागते. गावात चित्रपट ‘लागतो’. ज्या घटना आपल्या इच्छेची वाट पाहत नाहीत त्यांचे हे क्रियापद आहे. इंटरनेटला जोडलेला संच घरात आला आणि प्रश्न बदलला. आता विचारले जाते, ‘काय लावू?’ अकर्मकाचे सकर्मक झाले आणि वाक्यात कर्ता अवतरला. हा कर्ता केवळ व्याकरणातला आहे की नैतिक अर्थानेही कर्ता आहे, हा खरा प्रश्न आहे.

‘लागण्या’च्या काळाचे स्वरूप आधी पाहिले पाहिजे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत झाला. महाराष्ट्र त्यात नव्हता. परंतु तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्याला, म्हणजे आजच्या धाराशिवला, लागून असलेला गुलबर्गा जिल्हा होता. तिथला संच कोणा एका घराचा नव्हता, गावाचा होता; आणि काय दिसणार हे ठरवणारे शासन दूर बसले होते. २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी ‘रामायण’ लागू लागले तेव्हा संच घरात आलेला होता, पण प्रेक्षक अजून गावाचाच होता. त्या एकत्र बसण्याविषयी हळवे होण्याचे मात्र कारण नाही. कोण सतरंजीवर बसले, कोण उंबऱ्याबाहेरून पाहत उभे राहिले आणि कोणाला स्वयंपाकघरातून केवळ ऐकू येत होते, याचा हिशेब मांडला तर जातीची आणि लिंगभेदाची सारी उतरंड त्या ओसरीवर जशीच्या तशी आढळेल. ‘पूर्वी सगळे एकत्र पाहत’ असे म्हणणारा बहुधा सतरंजीवर बसलेला असतो.

तरीही त्या पाहण्यात काहीतरी मोलाचे होते, आणि त्याचे नाव आपल्या काव्यशास्त्रात सापडते. अभिनवगुप्ताने रसास्वादाची जी विघ्ने सांगितली आहेत त्यांत ‘निजसुखादिविवशीभाव’ हे एक आहे. आपल्याच सुखदुःखाने व्यापलेला प्रेक्षक समोरच्या कथेपर्यंत पोचत नाही. नृत्य, गीत, वाद्य यांची योजना हे विघ्न दूर करण्यासाठी असते. आणि सर्व सामाजिकांची प्रतीती एकघन झाली की रसाचा परिपोष होतो, असेही तो मानतो. याच जिल्ह्यातल्या तुळजापूरच्या भवानीचा गोंधळ ज्याने रात्रभर ऐकला असेल त्याला हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही. तिथे काय ऐकायचे हे श्रोता निवडत नाही. गोंधळी आख्यान लावतो, झीलकरी सूर धरतात, आणि श्रोत्याचे खासगीपण काही काळ बाजूला पडते. अर्थात गोंधळ हे विधिनाट्य आहे आणि ‘रामायण’ जाहिरातींसह येणारी मालिका होती. दोहोंची तुलना फार ताणू नये. पण स्वतःच्या निवडीतून सुटका हा अनुभव दोन्हींत होता.

स्मार्ट संच नेमकी ही सुटका काढून घेतो. त्यातील काही सेवा उघडताच पहिला प्रश्न विचारतात, ‘कोण पाहत आहे?’ आणि उत्तरादाखल घरातल्या प्रत्येकाचे वेगळे चौकोन मांडतात. त्यापुढे जे सुचवले जाते ते त्याच माणसाने आधी पाहिलेल्याच्या आधारे. म्हणजे साधारणीकरणाच्या नेमकी उलट प्रक्रिया इथे घडते: प्रेक्षकाला त्याचे निजसुख पुनःपुन्हा परत केले जाते. बालाघाटच्या पठारावरील वाशी तालुक्यातले एखादे घर डोळ्यांसमोर आणावे (नवी मुंबईतील वाशी नव्हे, हे सांगावे लागते यातही सुचवणाऱ्या यंत्रांची गणिते दिसतात). दिवाळीच्या सुमारास कर्ती माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात. संच मागे राहतो, आजी आणि शाळकरी नातवंडे मागे राहतात. चौकोन बापाच्या नावाचा, पाहणारी आजी, बटण दाबणारा नातू. संच ज्याला ‘प्रेक्षक’ समजतो असा कोणीही माणूस त्या घरात नसतो. एक भाग संपला की दुसरा आपोआप सुरू होतो. म्हणजे ‘लावणे’ पुन्हा ‘लागणे’ होते. फरक एवढाच की पूर्वीच्या ‘लागण्या’मागे वेळापत्रक होते आणि ते सर्वांना ठाऊक होते. आताच्या ‘लागण्या’मागचा कर्ता दिसत नाही.

आणि तो पाहतो. वेदान्ताने द्रष्टा आणि दृश्य यांचा विवेक करताना एक गोष्ट निश्चित मानली होती: दृश्य हे द्रष्ट्याला पाहत नाही. अमेरिकेत २०१७ मध्ये विझिओ या कंपनीवर फेडरल ट्रेड कमिशनने आरोप ठेवला तो असा की, सुमारे १ कोटी १० लाख संचांवर सेकंदासेकंदाला काय दिसत होते याची नोंद ग्राहकांच्या संमतीवाचून घेतली गेली. कंपनीने २२ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवले. अशी नोंद घेण्याचे तंत्र आज अनेक कंपन्यांच्या संचांत असते आणि ते चालू ठेवण्याची संमती संच प्रथम सुरू करताना, घाईत, बहुधा संच बसवायला आलेला माणूसच देऊन टाकतो. आपल्याकडील २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा संमतीचा विचार करतो तो व्यक्तीच्या संदर्भात. अठरा वर्षांखालील मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास त्यात मनाई आहे. परंतु संच ही व्यक्तीची वस्तू नाही, घराची आहे. त्याच्यासमोर या क्षणी मूल बसले आहे की आजी, हे ओळखायचे तर आणखी बारकाईने पाहावे लागेल. पाळतीपासून संरक्षण देण्यासाठी अधिक पाळत, असा हा पेच आहे.

या पार्श्वभूमीवर सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये जे केले त्याकडे कौतुकाच्या बातमीपलीकडे जाऊन पाहिले पाहिजे. तिथे रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद होतात. हेतू मुलांच्या अभ्यासाचा. त्याच वर्षी धाराशिव जिल्ह्यातील उमरगा तालुक्यातल्या जकेकूरवाडीनेही सहा ते आठ असा वेळ ठरवला. वेळापत्रकाच्या काळात असा निर्णय म्हणजे त्याग झाला असता. हुकलेला भाग हुकलाच. आता मालिका साडेआठपर्यंत थांबते, रात्री बारापर्यंतही थांबते. मग या व्रतात काय सोडले जाते? मालिका निश्चितच नव्हे. सोडली जाते ती आपल्या सोयीने पाहण्याची मुभा, आणि ती सोडायची तर शेजाऱ्यानेही त्याच वेळी सोडावी लागते. एकट्या घराने संच बंद केला तर ती शिस्त होते. सगळ्या गावाने केला तर त्यात पुन्हा एकघनता येते. १९८७ च्या रविवारी गाव पाहण्यासाठी एकत्र येत होते. वडगावात ते न पाहण्यासाठी एकत्र येते.

यात जाच नाही असे मात्र म्हणता येत नाही. भोंगा मंदिराचा असो वा ग्रामपंचायतीचा, तो ज्याच्या हाती असतो त्याच्याकडे सतरंजीवरच्या माणसाचा अधिकार सरकतोच. दिवसभर रानात राबून आलेल्या बाईला टेकण्याची तेवढीच सवड सापडत असेल तर मुलाच्या अभ्यासाची किंमत तिच्या विरंगुळ्यातून वसूल होते. फरक आहे तो एवढाच की भोंगा कोणी वाजवला हे गावाला ठाऊक असते, आणि ग्रामसभेत उठून त्याच्याशी भांडता येते.