मुदत सरल्यानंतर

आपल्या प्रदेशाच्या नावात एक गंमत दडलेली आहे. वऱ्हाड म्हणजे अमरावती-अकोल्याचा हा मुलूख आणि वऱ्हाड म्हणजे लग्नाला निघालेली मंडळीही. चर्चमध्ये विवाहसंस्कार असला की बाके अपुरी पडतात. तेच लग्न पुढे मोडले, तर त्या घराकडे सहसा कोणी फिरकत नाही. मोडलेले लग्न परदेशातले असेल, तर त्या मुलीवर दुहेरी एकटेपण ओढवते. नवरा दुरावलेला असतो आणि त्याच्या नावावर मिळालेला तेथे राहण्याचा परवानाही हातचा गेलेला असतो.

सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला आमचे अध्यापक आधी एक प्रसंग मांडीत आणि मग विचारीत, येथे योग्य काय? आज मी तीच रीत अनुसरतो. प्रसंग कल्पित आहे, परंतु काही वाचकांना तो ओळखीचा वाटण्याचा संभव आहे.

अमरावतीची एक मुलगी अमेरिकेत नोकरी करणाऱ्या तरुणाशी विवाह करून तिकडे गेली. त्याचा व्हिसा एच-१बी, तिचा एच-४, म्हणजे केवळ पत्नी या नात्याने मिळालेला. चार वर्षांनी घटस्फोट झाला. त्या हुकुमाबरोबर तिचा तेथील वास्तव्याचा आधार सुटला. धाकट्या बहिणीचे लग्न ठरायचे होते, म्हणून तिने घरी काहीच कळविले नाही. ती मैत्रिणीकडे राहू लागली. सरकारी प्रवेशनोंदीवरील मुक्कामाची तारीखही उलटली आणि त्यावर वर्ष लोटले. आता ती दोन प्रश्न विचारते : मी काय करू? आणि, फादर, मी पापात आहे का?

पहिला प्रश्न व्यवहाराचा आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी. अमेरिकेच्या १९९६ च्या कायद्यानुसार मुदत संपल्यावर १८० दिवसांपेक्षा अधिक काळ राहून जो देश सोडतो, त्याला तीन वर्षे परत प्रवेश मिळत नाही. एक वर्ष वा त्याहून अधिक काळ राहिलेल्यास दहा वर्षे. ही बंदी देश सोडल्यावर लागू होते. त्यामुळे राहावे तर लपून राहावे लागते आणि निघावे तर दार दीर्घकाळ बंद होते, अशा कोंडीत माणूस सापडतो.

तरी काही वाटा असतात. नवरा अमेरिकेचा नागरिक वा ग्रीन कार्डधारक असून त्याने छळ केला असेल, तर पत्नी स्वतःच्या नावाने अर्ज करू शकते. छळाशी संबंधित घटस्फोट झाला असल्यास हा अर्ज दोन वर्षांच्या आत करावा लागतो. आपल्या प्रसंगातील नवरा स्वतःच एच-१बीवर असल्याने ही वाट तिला बंद आहे. ती एखाद्या गंभीर गुन्ह्याची बळी असेल आणि तिने पोलिसांना तपासात साहाय्य केले असेल, तर यू व्हिसाची वाट आहे. परंतु असे व्हिसे वर्षाला दहा हजारच देता येतात आणि प्रतीक्षा फार लांबते. घटस्फोटाचा हुकूम होण्यापूर्वी विद्यार्थी वा पाहुणा म्हणून राहण्याचा अर्ज तिला करता आला असता. ती वेळ निघून गेली.

आणखी एक वाट पुष्कळ जण कानात सांगतात : ‘तिथल्याच एखाद्या नागरिकाशी लग्न लाव.’ रीतसर प्रवेश केलेल्या व्यक्तीने नागरिकाशी खरा विवाह केला, तर मुदत उलटली असूनही तेथेच ग्रीन कार्ड मिळू शकते, हे खरे. पण केवळ कागदासाठी केलेले लग्न हा पाच वर्षांपर्यंत कारावासाचा गुन्हा आहे आणि त्याने पुढील मार्गही बंद होतात. एका विवाहाने होरपळलेल्या जिवाने दुसऱ्या विवाहाचे सोंग करावे, असा सल्ला देणारा तिचा हितचिंतक म्हणता येणार नाही.

आखातातील रीत निराळी आहे. संयुक्त अरब अमिरातीने २०१८ साली विधवा व घटस्फोटित स्त्रियांना कोणाच्या जामिनाविना एक वर्ष राहण्याची मुभा दिली. तेथे मुदत उलटलेल्यांना १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२४ या काळात दंडाविना कागदपत्रे नीट करण्याची वा मायदेशी परतण्याची संधीही मिळाली होती.

आता दुसरा प्रश्न. संत थॉमस अक्वायनस यांच्या मते कायदा म्हणजे सर्वांच्या हितासाठी केलेली विवेकाची आज्ञा. सीमेचा कायदा त्याला अपवाद नाही. ख्रिस्तसभेची १९९२ ची धर्मशिकवण संपन्न राष्ट्रांना परक्याचे शक्य तितके स्वागत करण्यास सांगते आणि परक्यालाही त्या देशाचे कायदे पाळण्यास बजावते. तेव्हा ‘मुदत उलटली, त्यात काय झाले?’ असे मी म्हणणार नाही. परंतु नीतिशास्त्र कृतीबरोबर हेतू आणि परिस्थितीही तपासते. घाबरून, पैशाअभावी वा पासपोर्ट नवऱ्याच्या कपाटात अडकल्यामुळे राहून गेलेल्या स्त्रीचा दोष आणि फसवण्याच्या इराद्याने गेलेल्याचा दोष एका तराजूत घालता येत नाही. तिने कोणाला लुबाडले नाही. मात्र खोटे नाव, खोटी कागदपत्रे, खोटा विवाह यांचा आधार तिने घेतला, तर गोष्ट बदलते. म्हणून माझे तिला उत्तर असे : कॅलेंडरवरची तारीख उलटली, एवढ्याने तू देवाला परकी झाली नाहीस; पण या लपण्याची सवय होऊ देऊ नकोस.

बायबलमध्ये या प्रश्नाची दोन्ही टोके आहेत. एज्राच्या ग्रंथाच्या दहाव्या अध्यायात परजातीय बायकांना मुलांसह पाठवून देण्याचा ठराव होतो. पुरुषांची नावे तेथे ओळीने दिली आहेत. त्या बायकांपैकी एकीचेही नाव नाही. त्या कोठे गेल्या, हे कोणी लिहून ठेवले नाही. त्याच बायबलमध्ये मवाबी रूथ बेथलेहेमच्या शेतात सरवा वेचते. आपल्या वऱ्हाडात ज्वारी निघाल्यावर गरिबांच्या बाया सरवा वेचीत, तसाच. मालक तिला हाकलत नाही. उलट मुद्दाम कणसे पडू द्यायला सांगतो. ही परकी विधवा पुढे दावीद राजाची पणजी झाली आणि मत्तयाने येशूच्या वंशावळीत तिचे नाव नोंदविले.

हा प्रश्न केवळ परदेशांचा आहे, असेही समजू नये. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वस्ती झाली, त्याची आठवण अकोल्यातील सिंधी कॅम्पच्या नावात आहे. सीमेपलीकडून येणाऱ्यांसाठी भारत सरकारने दीर्घ मुदतीच्या व्हिसाची सोय ठेवली आहे. तिच्या नियमांत एक वर्ग असा आहे : पाकिस्तानी नागरिकाशी विवाह करून तिकडचे नागरिकत्व मिळालेली भारतीय वंशाची स्त्री वैधव्यामुळे वा घटस्फोटामुळे परत आली आणि तिकडे तिला सांभाळणारा पुरुष नसेल, तर तिला हा व्हिसा मिळू शकतो. कोरड्या सरकारी भाषेत माहेराला दिलेली ही मान्यताच आहे. दुसरीकडे, १ सप्टेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या नव्या कायद्यानुसार मुदतीबाहेर राहणाऱ्या परदेशी व्यक्तीस तीन वर्षांपर्यंत कारावास वा तीन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. आपल्या लेकीला परदेशात दया मिळावी असे वाटणाऱ्याने आपल्या गल्लीतल्या परक्या सुनेकडेही त्याच नजरेने पाहिले पाहिजे.

आता आपल्या प्रसंगाकडे परतू. त्या मुलीने घरी का कळविले नाही? अमेरिकेच्या कायद्याने तिला गप्प बसविले नव्हते. तिला भीती होती ती आपली : चर्चच्या आवारातील कुजबुजीची, बहिणीच्या सोयरिकीची, ‘हिनेच जमवून घेतले नसेल’ या शेऱ्याची. हुकुमापूर्वीच्या महिन्यांत तिच्यापुढे वाटा होत्या. ते महिने लाजेत गेले आणि ती लाज तिला आपण शिकविली होती. तिच्या उलटलेल्या दिवसांचा काही हिशोब म्हणूनच आपल्या नावावरही पडतो.

यावर आपण करण्यासारखे पुष्कळ आहे. लेक परदेशी निघताना दागिन्यांची यादी होते, तशी कागदांचीही व्हावी : पासपोर्टची प्रत तिच्याजवळ आणि माहेरी, व्हिसा कोणत्या प्रकारचा, मुदत कधीपर्यंत, भारतीय दूतावासाचा पत्ता. अडचणीतील नागरिकांसाठी दूतावासांकडे २००९ पासून कल्याण निधी आहे आणि पासपोर्ट हरवला तर परतीसाठी आपत्कालीन प्रवासपत्र मिळते. संसार डळमळू लागला की हुकुमाची वाट न पाहता तिकडच्या जाणत्या वकिलास गाठावे. केवळ घटस्फोट झाला म्हणून ख्रिस्तप्रसाद नाकारला जात नाही, हेही घरोघर कळायला हवे. विवाह मुळात वैध होता का, हे तपासण्याची धर्मप्रांतीय न्यायमंडळाची पद्धत दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये सोपी केली आहे.

त्या मुलीने वकिलाला भेटावे, सारे खरे सांगावे आणि कोणतीच वाट नसेल तर परत यावे, असे मी म्हणेन. दहा वर्षांचे दार बंद होईल, हे मोठे नुकसान आहे. ते लहान करून मी सांगणार नाही. पण ती परत यावी अशी आपली इच्छा असेल, तर येथले दार उघडे आहे, हे तिला आधी दिसले पाहिजे. आज रात्री तिचा फोन आला, तर पलीकडून ‘लोक काय म्हणतील?’ असे ऐकू येऊ नये. ‘तिकिटाला पैसे आहेत का?’ एवढेच विचारावे. बाकीचे बोलणे ती घरी आल्यावर होईल.