लढायचं, पण वैर धरायचं नाही. हे जमतं का?

॥ राम कृष्ण हरी ॥

आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ११, श्लोक ५५

मंडळी, अकरावा अध्याय म्हटलं की डोळ्यांसमोर विश्वरूप उभं राहतं. ती अक्राळविक्राळ मुखं, त्यांत शिरणारे योद्धे, हात जोडून थरथरणारा अर्जुन. याच अध्यायात भगवान त्याला सांगतात, ऊठ आणि लढ. हे सगळे माझ्याकडून आधीच मारले गेलेत, तू फक्त निमित्त हो. हा ३३वा श्लोक आपल्याला पाठ असतो. सीमेवर काही घडलं की कितीतरी जणांच्या स्टेटसला तोच लागतो.

पण अध्याय तिथे संपत नाही. शेवटच्या श्लोकात भगवान सांगतात की माझ्यापर्यंत कोण पोचतो. जो कर्म माझ्यासाठी करतो, मलाच सर्वस्व मानतो, आसक्ती सोडतो, आणि ज्याच्या मनात कुठल्याही जिवाबद्दल वैर नाही, तो. म्हणजे 'लढ' आणि 'निर्वैर हो' या दोन्ही आज्ञा एकाच माणसाला, एकाच रणांगणावर, अवघ्या २२ श्लोकांच्या अंतराने दिल्या आहेत.

मग प्रश्न पडतोच. समोरच्यावर बाण सोडायचा आणि मनात वैर नको, हे खरंच जमतं का? की ही फक्त प्रवचनात बोलायची गोष्ट?

मनातलं वैर मोजायचं कसं, हीच तर अडचण आहे. 'माझ्या मनात काही नाही' असं कोणीही म्हणू शकतो. पण महाभारताने त्याची एक कसोटी ठेवली आहे. भीष्मपर्वाच्या सुरुवातीला, पहिला बाण सुटायच्या आधी, दोन्ही बाजू बसून नियम ठरवतात. पळणाऱ्याला मारायचं नाही. शरण आलेल्याला, शस्त्र मोडलेल्याला, दुसऱ्याशी लढण्यात गुंतलेल्याला मारायचं नाही. सारथी, शस्त्रं वाहून नेणारे, शंख-नगारे वाजवणारे यांच्यावर हात उचलायचा नाही. नीट पाहिलं तर या सगळ्या नियमांचा गाभा एकच आहे. जो आत्ता तुला मारू शकत नाही, त्याच्याशी तू कसा वागतोस? तलवारीला तलवार भिडते तेव्हा वैर आणि कर्तव्य सारखेच दिसतात. समोरच्याच्या हातातली तलवार गळून पडली की दोन्ही वेगळे होतात.

हे फक्त पुराणातलं नाही. आपल्या सोलापुरात, भवानी पेठेपासून फार लांब नसलेल्या भुईकोटाजवळ, मे १८१८ मध्ये हीच कसोटी लागली होती. जनरल मन्रोची इंग्रज फौज चालून आली. पेशव्यांच्या बाजूने गणपतराव पानसे यांची फौज उभी होती. १० मे रोजी पेठ पडली. त्यानंतर पेशव्यांचं पायदळ मागे हटू लागलं, तर घोडदळाने त्यांचा सीना नदीपर्यंत पाठलाग केला आणि त्यात शेकडो माणसं कापली गेली. पाच दिवसांनी, १५ मे रोजी, किल्ल्यातल्या शिबंदीने शरणागती दिली. त्यांना मात्र जीव आणि खासगी चीजवस्तू यांचं अभय मिळालं. फौज तीच, सेनापती तोच, गाव तेच. पण पाठ फिरवलेल्याला मरण आणि शरण आलेल्याला अभय! सेनापती म्हणेल, पळालेली फौज उद्या पुन्हा जमते. युद्धशास्त्राच्या दृष्टीने ते खरंही असेल. पण भीष्मपर्वातल्या नियमांत त्या दोघांमध्ये फरक नाही.

आता तुम्ही म्हणाल, पांडवांनी तरी नियम कुठे पाळले? बरोबर आहे. द्रोणांनी शस्त्र खाली ठेवलं होतं. कर्णाचं चाक रुतलं होतं. महाभारत हे लपवत नाही, उलट त्याचा हिशेब मांडतं. युधिष्ठिराचा रथ जमिनीच्या चार बोटं वर चालायचा, तो त्या एका अर्धसत्यानंतर खाली टेकला. युद्ध जिंकलं, पण रथ पुन्हा कधी वर उचलला गेल्याचं व्यासांनी सांगितलं नाही.

आणि मग येतो अश्वत्थामा. सौप्तिकपर्वात, रात्री झोपलेल्या छावणीवर तो चालून जायला निघतो. कृपाचार्य समजावतात, सकाळी लढू, झोपलेल्याला मारणं अधर्म आहे. त्याचं उत्तर काय? धर्माचा बांध तर त्यांनीच आधी फोडलाय. मंडळी, हे वाक्य ओळखीचं वाटतं ना? 'सुरुवात त्यांनी केली.' अश्वत्थाम्याची तक्रार खोटी नव्हती. त्याच्या वडिलांवर खरोखर अन्याय झाला होता. तरीही त्या रात्री द्रौपदीची पाच झोपलेली मुलं मेली. खऱ्या तक्रारीतूनही किती मोठं पाप घडू शकतं, हे त्या रात्री दिसलं.

भागवताच्या पहिल्या स्कंधात याचं उत्तर आहे, आणि ते ज्या आईची मुलं गेली तिनेच दिलंय. अर्जुन अश्वत्थाम्याला बांधून आणतो तेव्हा द्रौपदी म्हणते, त्याला सोडा. मी रडतेय तशी त्याची आई रडायला नको. तिचं दुःख कमी झालेलं नव्हतं. तिने फक्त त्या दुःखाला पुढच्या घरी जाऊ दिलं नाही.

निर्वैर म्हणजे मऊपणा नव्हे. रामाने रावणाला मारलंच, पण नंतर विभीषणाला सांगितलं की वैर मरणाबरोबर संपलं, आता त्याचे संस्कार कर. १९९९ च्या कारगिल युद्धात पाकिस्तानने आपल्या कित्येक सैनिकांचे मृतदेह स्वीकारले नाहीत, तेव्हा भारतीय जवानांनी त्यांना त्यांच्या धर्माप्रमाणे मूठमाती दिली. १९७१ मध्ये ढाक्याच्या शरणागतीनंतर सुमारे ९३ हजार पाकिस्तानी सैनिक आणि नागरिक आपल्या ताब्यात होते. पुढे त्यांना सुखरूप परत पाठवलं गेलं. लढताना ज्यांनी कसूर केली नाही, त्याच सैन्याने हे केलं. म्हणजे जमतं. कठीण आहे, पण जमतं.

नवरात्रात आपण रूपाभवानीला जातो, कोजागिरीला तुळजापूरची वाट चालतो. सप्तशतीच्या चौथ्या अध्यायात देव देवीची स्तुती करतात, ती याच गोष्टीसाठी: मनात कृपा आणि रणात कठोरता, दोन्ही एकत्र फक्त तुझ्यातच दिसतात. पुढच्या वेळी महिषासुरमर्दिनीचा चेहरा नीट पाहा. हातात त्रिशूळ आहे, पण चेहऱ्यावर राग नाही.

आता आपलं. आपल्यापैकी बहुतेकांच्या हातात शस्त्र नाही, मोबाईल आहे. कुठेतरी बॉम्ब पडतो, जळणाऱ्या इमारतीची क्लिप येते, आणि आपण हसण्याचा इमोजी टाकून ती पुढे पाठवतो. तिथे कोण झोपलं होतं, हे आपण विचारत नाही. भगवंतांनी अर्जुनाला सांगितलं, वैर न धरता लढ. आपण मात्र न लढता वैर धरतो! सैनिकाच्या वाट्याला निदान धोका आणि कर्तव्य तरी असतं. आपल्या वाट्याला उरतं ते नुसतं विष.

आजचा संकल्प : आज कुणाच्या मरणावर हसणारी एकही गोष्ट फॉरवर्ड करायची नाही. ती शत्रूची असली तरीही. आणि 'सुरुवात त्यांनी केली' हे वाक्य तोंडावर आलं, मग ते देशाबद्दल असो की शेजारच्या फ्लॅटबद्दल, तर एक क्षण थांबून अश्वत्थाम्याला आठवायचं.

आई भवानी, लढायची वेळ आली तर हात कापू देऊ नकोस. आणि लढाई संपली की मूठ उघडायची बुद्धी दे.

॥ राम कृष्ण हरी ॥